नाकाला न कळलेला वास : झाँ-आंरी फाब्र यांची गोष्ट

६ मेची सकाळ होती. दक्षिण फ्रान्समधल्या सेरिन्यां गावाबाहेर एका घरात, अभ्यासिकेच्या टेबलावर ठेवलेल्या कोषातून एक मादी पतंग बाहेर आली. ही मोठ्या मोर पतंगाची मादी. युरोपातला हा सगळ्यात मोठा पतंग; पंखांचा विस्तार पंधरा सेंटिमीटरपर्यंत, आणि प्रत्येक पंखावर मोरपिसासारखा एक डोळा. आपल्याकडे भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणारा टसरचा पतंग याच्याच कुळातला. घरमालकाने ती मादी अंग ओलं असतानाच तारेच्या जाळीच्या झाकणाखाली ठेवून दिली. डोक्यात कुठला प्रयोग नव्हता. सापडेल त्या कीटकावर नजर ठेवायची सवय होती, इतकंच.

रात्री नऊच्या सुमाराला घर झोपायच्या तयारीत असताना शेजारच्या खोलीतून आदळआपट ऐकू आली. धाकटा पॉल अर्धवट कपड्यांत खोलीभर उड्या मारत होता, खुर्च्या पाडत होता आणि वडिलांना हाका मारत होता. खोलीत पक्ष्यांएवढे पतंग शिरले होते. खाली स्वयंपाकघरात मोलकरीण वटवाघळं आली असं समजून त्यांना ॲप्रनने हाकलत होती. बाप-लेक मेणबत्ती घेऊन अभ्यासिकेत गेले, तर जाळीभोवती पतंगांची झुंबड. काही छताला धडकत होते, काही खांद्यावर येऊन बसत होते. पंखाच्या एका फटकाऱ्याने मेणबत्तीही विझली. घरभर मिळून चाळीसच्या आसपास पतंग होते आणि सगळे नर. सकाळी जन्मलेल्या त्या एका मादीसाठी ते आले होते.

घरमालकाचं नाव झाँ-आंरी फाब्र. वय सत्तरीच्या आसपास. तोवर त्यांनी गांधीलमाश्या, मधमाश्या आणि शेणकिड्यांवर हजारो पानं लिहिली होती. पण या रात्रीने त्यांच्यासमोर जो प्रश्न ठेवला, तो त्यांना पुढे कित्येक वर्षं पुरला. बाहेर वादळी हवा होती आणि मिट्ट काळोख. घर उंच झाडांच्या आड दडलेलं. मोर पतंग त्या भागात तसा दुर्मीळच. म्हणजे हे नर बऱ्याच लांबून आलेले असणार. इतक्या अंधारात, फांद्यांच्या गर्दीतून, पंखाला ओरखडाही न येता ते नेमके या खिडकीपर्यंत आले कसे? मादीने त्यांना बोलावलं कशाने?

गरिबीतलं शिक्षण

फाब्र यांचा जन्म डिसेंबर १८२३चा, आवेरों भागातल्या सेंलेओं या डोंगराळ खेड्यातला. घरची परिस्थिती इतकी ओढग्रस्त, की लहानपणची काही वर्षं पोराला आजी-आजोबांच्या शेतावर ठेवावं लागलं. गावची शाळा म्हणजे एक खोली. तीच मास्तरांचं घर आणि तेच त्यांचं स्वयंपाकघर. दार उघडलं की डुकराची पिल्लं आणि कोंबड्या आत यायच्या.

पुढे वडिलांनी शहरात कॅफे काढून पाहिला, चालला नाही. दुसऱ्या शहरात काढला, तिथेही तेच. कुटुंब गावोगाव फिरत राहिलं आणि एका टप्प्यावर मुलाला स्वतःचं पोट स्वतः भरायची वेळ आली. त्याने जत्रेत लिंबं विकली, रेल्वेच्या रुळांच्या कामावर मजुरी केली. मग आव्हिन्योंच्या अध्यापक विद्यालयाची शिष्यवृत्तीची परीक्षा दिली आणि पास झाला. १८४२मध्ये कार्पांत्रास गावात तो शिक्षक म्हणून रुजू झाला, तेव्हा वय होतं अठरा. पगार वर्षाला ७०० फ्रँक. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र हे विषय त्याने बहुतांशी स्वतःच पुस्तकं मिळवून शिकले.

नंतर फाब्र काही वर्षं कॉर्सिका बेटावर होते आणि १८५३पासून आव्हिन्योंच्या शाळेत. तिथे जवळजवळ अठरा वर्षं त्यांचा पगार १६०० फ्रँकवरून हलला नाही. पोरंबाळं वाढत होती, शिकवण्या घेऊन घर चालत होतं. संशोधनासाठी उरायचा तो गुरुवारचा अर्धा दिवस आणि सुट्ट्या. एवढ्यात त्यांनी केलेलं काम पाहिलं की थक्क व्हायला होतं. एका जातीची गांधीलमाशी आपल्या अळ्यांसाठी भुंगेरे साठवून ठेवते आणि ते महिनाभर सडत नाहीत, हे आधीच्या एका अभ्यासकाला दिसलं होतं. त्याचा तर्क असा, की माशी त्यांना मारते आणि विषाबरोबर टिकवणारं काहीतरी टोचते. फाब्र यांनी ते भुंगेरे उकरून काढले आणि बारकाईने पाहिलं. भुंगेरे मेलेले नव्हतेच. माशीने नेमक्या चेताकेंद्रात डंख मारून त्यांना लुळं केलं होतं. या कामाला १८५६मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीचा पुरस्कार मिळाला. डार्विनने आपल्या ग्रंथांत फाब्र यांच्या निरीक्षणांचा आदराने उल्लेख केला. फाब्र यांना मात्र उत्क्रांतीवाद शेवटपर्यंत पटला नाही. दोघांचा पत्रव्यवहार तरीही सौजन्याचा राहिला.

लुई पाश्चर १८६५मध्ये त्यांच्या दारात आले, तो प्रसंग फाब्र पुढे बऱ्याचदा आठवत. रेशीमकिड्यांच्या रोगाने फ्रान्सचा रेशीम धंदा बुडत होता आणि सरकारने पाश्चरना तपासाला पाठवलं होतं. पाश्चरनी एक कोष हातात घेतला, कानाशी नेऊन हलवला आणि आत काहीतरी आहे याचं त्यांना आश्चर्य वाटलं. सुरवंटाचा पतंग होताना मध्ये कोषावस्था असते, हेही त्यांना तोवर ठाऊक नव्हतं. तरी पुढच्या काही वर्षांत त्याच माणसाने रोगावर उपाय शोधला. फाब्र यांनी यातून आपल्यापुरता धडा घेतला, की पुस्तकातली मतं आधी डोक्यात भरून घ्यायची नाहीत, थेट प्राण्यालाच विचारायचं. ही सवय त्यांना खूप काही देऊन गेली. कधी कधी तिने अडवलंही, पण ते पुढे येईल.

लाल हात आणि बंद झालेली दारं

पगारावर भागत नाही म्हणून फाब्र यांनी एक उद्योग मांडला. आव्हिन्योंच्या आसपास त्या काळी मंजिष्ठाच्या युरोपीय भावंडाची शेती मोठ्या प्रमाणावर होई. त्याच्या मुळांपासून अलिझरिन नावाचा लाल रंग मिळतो. फ्रेंच सैनिकांच्या लाल विजारी याच रंगाच्या. हा रंग शुद्ध स्वरूपात काढायची रीत फाब्र यांनी बऱ्याच वर्षांच्या खटपटीने बसवली. शिक्षणमंत्री व्हिक्तोर द्युरुई भेटीला आले, तेव्हा फाब्र यांचे हात कोपरापर्यंत रंगाने लाल झालेले होते. द्युरुईंना हा माणूस आवडला. १८६८मध्ये त्यांनी फाब्र यांना पॅरिसला बोलावून ‘लेजियाँ दॉनर’ हा सन्मान दिला आणि सम्राट तिसऱ्या नेपोलियनपुढे उभं केलं.

त्याच सुमाराला जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान या दोन रसायनतज्ज्ञांनी कोळशाच्या डांबरापासून अलिझरिन तयार केलं. कारखान्यातला रंग स्वस्त पडू लागला आणि काही वर्षांत मंजिष्ठाची शेतं उठली. फाब्र यांची आर्थिक स्वातंत्र्याची आशाही त्यांच्याबरोबर गेली.

दुसरा तडाखा व्याख्यानांनी दिला. द्युरुईंच्या प्रोत्साहनाने फाब्र आव्हिन्योंत संध्याकाळी मोफत विज्ञानवर्ग घेत. मुलींनाही प्रवेश होता. तिथे त्यांनी फुलांचं परागीभवन समजावून सांगितलं: पुंकेसर, स्त्रीकेसर, बीज कसं धरतं. आज हा शाळेतला साधा धडा आहे. तेव्हा मुलींना असलं काही शिकवतात म्हणून धर्मगुरूंनी गदारोळ केला. द्युरुईंचं मंत्रिपद तोवर गेलं होतं. फाब्र ज्या घरात भाड्याने राहत, त्याच्या दोन वयस्कर मालकिणी भाविक होत्या. त्यांनी घर खाली करायला सांगितलं. भाडेकराराचा कागदच नव्हता. ऐन १८७०च्या युद्धात बायको आणि पाच मुलांना घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न पडला.

मदतीला आले ते इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल. बायकोचं आव्हिन्योंत निधन झाल्यापासून मिल तिथे येऊन राहत, आणि वनस्पती गोळा करताना त्यांची फाब्र यांच्याशी मैत्री झाली होती. त्यांनी कसलीही लिखापढी न करता ३००० फ्रँक उसने दिले. फाब्र ओरांज गावी गेले, नोकरी सोडली, आणि नंतरची आठ-नऊ वर्षं शाळेची पाठ्यपुस्तकं लिहून संसार चालवला. मिलचे पैसे त्यांनी फेडले. याच काळात, १८७७मध्ये, त्यांचा लाडका मुलगा ज्यूल सोळाव्या वर्षी वारला. बापाच्या नादाने तोही कीटकांमागे धावणारा होता. फाब्र यांनी काही गांधीलमाश्यांना त्याचं नाव दिलं.

१८७९मध्ये पुस्तकांच्या पैशातून त्यांनी सेरिन्यांजवळ हेक्टरभर माळरान आणि त्यातलं घर विकत घेतलं. जमीन सगळी दगडगोट्यांची; थाइम, काटेरी झुडपं, रानगवत. तिकडच्या बोलीत अशा पडीक जमिनीला ‘हार्मास’ म्हणतात आणि घराला तेच नाव पडलं. शेतकऱ्याने फुकट घेतली नसती अशी जमीन, पण कीटकांना तीच हवी असते. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी फाब्र यांना हवी तशी प्रयोगशाळा मिळाली. ‘सूव्हनीर आंतोमोलोजीक’, म्हणजे कीटकांच्या आठवणी, या त्यांच्या दहा खंडांच्या ग्रंथाचा पहिला खंड त्याच वर्षी निघाला आणि दहावा १९०७मध्ये.

वासावर विश्वास नसलेला माणूस

मोर पतंगांच्या रात्रीआधी बरीच वर्षं फाब्र यांची वासाशी एकदा गाठ पडली होती. हार्मासमध्ये लाल मुंग्यांची एक जात होती. या मुंग्या दुसऱ्या मुंग्यांच्या वारुळांवर धाड घालून त्यांचे कोष पळवतात आणि ज्या वाटेने गेल्या त्याच वाटेने परततात, मग ती कितीही वेडीवाकडी असो. बहुतेकांचं मत होतं की मुंग्या वाटेवरचा वास हुंगत येतात. फाब्र यांनी हे तपासायचं ठरवलं. पाळत ठेवायचं काम सहा वर्षांच्या नातीकडे, ल्यूसीकडे. मुंग्या निघाल्या की ती त्यांच्या मार्गावर पांढरे खडे टाकत जायची आणि धावत आजोबांना बोलवायची. मग आजोबांनी ती वाट कधी झाडूने झाडली, कधी पाण्याच्या लोटाने धुतली, कधी पुदिन्याने चोळली, तर कधी तिच्यावर वर्तमानपत्र अंथरलं. मुंग्या दर वेळी अडखळल्या, घोटाळल्या, पण शेवटी पार झाल्या. फाब्र यांनी निष्कर्ष काढला, की या मुंग्या वासाने चालत नाहीत, जागा पाहून लक्षात ठेवतात.

म्हणजे जिथे तिथे वासाचं कारण पुढे करणाऱ्यांतले ते नव्हते. पतंगांच्या बाबतीतही त्यांना हे उत्तर सहज मान्य होणार नव्हतं.

त्या मे महिन्यात आठ रात्रींत मिळून दीडशे नर आले. फाब्र यांचा पहिला संशय नरांच्या शृंगिकांवर, म्हणजे मिशांवर, होता. मोर पतंगाच्या नराच्या शृंगिका पिसासारख्या रुंद असतात आणि मादीच्या मानाने खूपच मोठ्या. त्यांनी खोलीत राहिलेल्या आठ नरांच्या शृंगिका कापल्या आणि मादीची जाळी घराच्या दुसऱ्या बाजूला, पन्नासेक पावलांवर नेऊन ठेवली. त्या रात्री नर तिथेही आले, पण शृंगिका कापलेला त्यांत एकच होता. उत्तर सापडलं असं इथे कोणालाही वाटलं असतं. फाब्र यांनी एक प्रयोग आणखी केला. काही नरांच्या शृंगिका तशाच ठेवून पाठीवरची थोडी लव फक्त खुणेसाठी कातरली. त्यांतलेही फारच थोडे परतले. म्हणजे न परतण्याचं कारण शृंगिका कापणं हेच असेल असं नाही. या पतंगांना खाण्यासाठी तोंडच नसतं. सुरवंट असताना साठवलेल्यावर ते दोन-तीन रात्री जगतात आणि संपतात. पहिल्या प्रयोगावर थांबले असते तर फाब्र बरोबर उत्तर चुकीच्या पुराव्यावर देऊन बसले असते. त्यांनी निकाल राखून ठेवला.

मग डब्यांची पाळी आली. मादीला पत्र्याच्या, लाकडाच्या, पुठ्ठ्याच्या, काचेच्या डब्यांत ठेवून पाहिलं. डबा हवाबंद असला की एकही नर येत नसे, मग रात्र कितीही चांगली असो. झाकणाला थोडी फट राहिली, तर डबा कपाटात किंवा टेबलाच्या खणात कोंबला तरी नर येत. काचेतून मादी स्पष्ट दिसत असली तरी त्यांना तिचं काही नसे. म्हणजे नजरेचा प्रश्न निकालात निघाला. आवाजाचाही निघाला. फटीतून बाहेर येणारं काहीतरी होतं.

एवढ्यावरून ते वासच असणार, हे आपण आज म्हणू. फाब्र यांची अडचण वेगळी होती. त्यांनी मादीजवळ नाक नेलं तर कसलाच वास येत नव्हता. घरातल्या पोरांची नाकं तरुण आणि तीक्ष्ण, त्यांनाही काही कळेना. मग त्यांनी मादीभोवती डांबरगोळ्यांचं नॅप्थलीन बश्यांमध्ये भरून ठेवलं. आपण ट्रंकेत कपड्यांत टाकतो तेच. खोलीत पाऊल टाकवत नव्हतं इतका उग्र दर्प, पण नर नेहमीसारखे सरळ जाळीपाशी आले. इतक्या मोठ्या वासाखाली तो सूक्ष्म वास बुडायला नको का? आणि एवढ्याशा पतंगाच्या अंगातून निघालेला वास मैलभर हवेत पसरेलच कसा? किरमिजी रंगाच्या कणाने अख्खं तळं रंगवायची आशा धरण्यासारखं ते त्यांना वाटलं.

वाळूने दिलेली साक्ष

मोर पतंग रात्री येतात, दिव्यावर झेपावतात आणि प्रयोग बिघडवतात. फाब्र यांना दिवसा उडणारा पतंग हवा होता. तो आणून दिला भाजी विकायला येणाऱ्या सात वर्षांच्या पोराने. फाब्र त्याला सापडलेल्या किड्यांचे दोन-दोन पैसे देत, म्हणून तो कुंपणं धुंडाळायचा. त्याने आणलेल्या कोषातून २० ऑगस्टला ओकच्या झाडावर वाढणाऱ्या एका तपकिरी पतंगाची मादी निघाली. मिनिम पंथाच्या साधूंच्या झग्यासारखा रंग, म्हणून फ्रेंच लोक त्याला साधूचंच नाव देतात. ही जात फाब्र यांनी त्या परिसरात वीस वर्षांत पाहिली नव्हती. तरी तिसऱ्या दिवशी, दुपारी तीनच्या कडक उन्हात, साठेक नर अभ्यासिकेत हजर झाले.

आणि मग घोटाळा झाला. त्या मादीच्या जाळीत फाब्र यांच्या हातून एक प्रार्थनाकीटक राहून गेला आणि त्याने मादी खाऊन टाकली. दुसरी मिळायला तीन वर्षं लागली. एवढी वर्षं कुंपणांतून कोष शोधत हिंडणाऱ्या माणसाने ही चूक स्वतःच्या पुस्तकात नोंदवूनही ठेवली आहे, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच.

तीन वर्षांनी केलेला प्रयोग मात्र वाट पाहण्यासारखा होता. रात्रभर मादीला मातीच्या ताटलीतल्या वाळूवर, जाळीखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिला उचलून काचेच्या घुमटाखाली, उघड्या खिडकीसमोर, लख्ख उजेडात ठेवलं. रिकामी जाळी आणि वाळूची ताटली खोलीच्या दुसऱ्या टोकाला, काळोख्या कोपऱ्यात. नर खिडकीतून आले, काचेखालच्या जिवंत मादीवरून तसेच पुढे गेले आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या ताटलीवर तुटून पडले. पूर्ण दुपारभर ते त्या वाळूभोवती नाचत होते.

मग ओकची एक डहाळी घेतली. मादी काही वेळ तिच्यावर बसली होती. ती खुर्चीवर ठेवताच नर तिच्यावर उतरले, पंख फडफडवत तिला इतकं हलवलं की ती खाली पडली. काही नर डहाळीमागे जमिनीवर गेले. नंतर आलेले काही रिकाम्या खुर्चीच्या त्याच जागेवर उतरले, कारण डहाळी तिथे टेकली होती. फलालीन, कापूस, कापड यांच्यात हा गुण जास्त वेळ टिकला. संगमरवर, लाकूड, धातू यांच्यावरून लवकर उडून गेला. लव्हेंडरचं तेल, रॉकेल, सडक्या अंड्यासारखा दर्प असलेली गंधकाची रसायनं, सगळं एकत्र ठेवूनही नरांचा रस्ता चुकला नाही.

आता फाब्र यांना कबूल करावं लागलं. नर येतात ते वासावर, आणि तो वास माणसाच्या नाकापलीकडचा आहे. जमिनीखालचे ट्रफल हुंगून काढणारा कुत्रा त्यांनी पाहिला होता. मातीत खोल असलेल्या एका छोट्या बुरशीपर्यंत सरळ उभं भोक पाडत जाणारा भुंगेराही त्यांना माहीत होता. ती बुरशी हातात घेऊन हुंगली तरी माणसाला धड वास येत नाही. ही उदाहरणं आता एका रांगेत बसली.

तरी एक काटा राहिलाच. आणखी एका जातीच्या पतंगांवर प्रयोग करताना उत्तरेचा मिस्त्राल वारा जोरात वाहत होता आणि नर उत्तरेकडूनच येत होते. वास वाऱ्याबरोबर दक्षिणेला जाणार, मग उत्तरेच्या पतंगांना तो कळला कसा? फाब्र यांनी शेवटी दोन शक्यता मांडल्या. वासाचे काही कण हवेत पसरत असतील, आणि वास प्रकाशासारखा लहरींतूनही जात असेल. तेव्हा क्ष-किरणांचा शोध नुकताच लागला होता. अदृश्य लहरींची कल्पना सगळीकडे चर्चेत होती. सातवा खंड १९००मध्ये निघाला तो हा प्रश्न उघडा ठेवूनच.

नंतर

म्हातारपण पुन्हा ओढीचं गेलं. शाळांतून त्यांची पाठ्यपुस्तकं मागे पडली आणि उत्पन्न आटलं. आयुष्यभर जलरंगांत काढलेली अळंब्यांची शेकडो चित्रं विकायची वेळ आली. १९१०मध्ये मित्रांनी सेरिन्यांत त्यांचा सत्कार घडवून आणला, तेव्हा देशाला हा माणूस नव्याने कळला. ग्रंथ खपू लागले, निवृत्तिवेतन मिळालं. १९१३मध्ये राष्ट्राध्यक्ष पोंकारे हार्मासला येऊन भेटून गेले. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी, पहिलं महायुद्ध चालू असताना, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी फाब्र वारले.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आलं १९५९मध्ये, आणि आलं जर्मन रसायनशास्त्रातूनच. आडोल्फ बुटेनांट आणि सहकाऱ्यांनी वीस वर्षं खपून, सुमारे पाच लाख रेशीमपतंग माद्यांच्या गंधग्रंथींतून काही मिलिग्रॅम पदार्थ वेगळा केला. त्याचं नाव बॉम्बिकॉल. अशा संदेशवाहक गंधांना ‘फेरोमोन’ हे नावही त्याच वर्षी मिळालं. नराच्या शृंगिकांवरच्या हजारो केसांतले चेतातंतू नेमका हा एकच रेणू ओळखण्यासाठी बनलेले असतात आणि एखादा रेणूही चेतातंतूला उद्दीपित करू शकतो. नॅप्थलीन कितीही ओता, त्या चेतातंतूंना ते जाणवतच नाही. फाब्र मोठ्या वासाखाली छोटा वास बुडेल असं धरून चालले होते, कारण माणसाच्या नाकाचा अनुभव तसा आहे. पतंग कुठल्या दिशेला वास वाढतो हे मोजतही नाही. गंधाचा धागा लागला की वाऱ्याच्या उलट उडायचं, धागा तुटला की आडवं नागमोडी हिंडून तो पुन्हा पकडायचा, ही त्याची रीत. शोधता शोधता तो मादीच्या पुढेही निघून जातो आणि वळून येतो. घराभोवती आणि झाडांभोवती वारा भोवरे घेतो, ते वेगळंच.

विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकांना हा गंध ‘कामगंध सापळा’ या नावाने परिचित आहे. प्लास्टिकच्या नरसाळ्यात रबराची एक गोळी. तिच्यात गुलाबी बोंडअळीच्या मादी पतंगाचा कारखान्यात बनवलेला गंध. हेक्टरी पाच सापळे लावायचे आणि सकाळी पिशवीतले नर मोजायचे. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ नर सापडले, तर फवारणीची वेळ आली असं समजतात. याच गंधाचा दुसराही उपयोग आहे. पूर्ण शेतात तो जागोजागी पसरून ठेवला तर नरांना खरी मादी सापडत नाही आणि पुढची पिढी घटते. मादीची हाक दुसऱ्या वासाने झाकून टाकायचा जो प्रयत्न फाब्र यांनी नॅप्थलीन आणि रॉकेलने केला होता, तो साधतो, पण मादीचाच गंध वापरला तर.